थोरलं चाक म्होरं

दसऱ्याच्या संध्याकाळी गुंडानं माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, पाया पडला आणि मग सांगितलं, "सायेब, पट्टी मोडली."

सोनं हातात धरून मी कपाळाला हात लावला.

पलूसजवळच्या आमच्या कारखान्यातले पंप गळीत सुरू व्हायच्या आत साखर कारखान्याला पोचायचे होते. पंपाच्या झडपेत स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी असते. हंगामभर ती वाकते, सरळ होते. मधेच तुटली तर गाळप बंद, ऊस उन्हात. मी हिशेब मांडला होता. प्रत्येक वाकण्यानं पट्टीचं थोडं आयुष्य सरतं, मोठ्या वाकण्यानं जास्त, लहानानं कमी. बेरीज भरली की पट्टी तुटते. हिशेबात हंगाम निभत होता. चाचणीच्या यंत्रावर आधी धाकटं चाक लावून लहान वाक दिले, मग थोरलं लावून मोठे. पहिली पट्टी टिकलीही होती.

"दुसरी का मोडली?"

"थोरलं चाक आधी लावलं. खंडेनवमीला पाटावर थोरलं म्होरं मांडलं हुतं, कुकू बी त्येलाच आधी. मग उचलताना धाकटं आधी उचलू व्हय? देवाम्होरं दिल्याला मान हाय त्यो."

"अरे, पण फेरे?"

"तेवढंच धरलं हुतं. पर धाकट्यावर निम्मं बी झालं न्हाई, तवर मोडली."

इथंच माझं डोकं फिरलं. ठरलेले फेरे तेच, तर बेरीजही तीच; मग ती भरायच्या आत पट्टी तुटली कशी? बेरजेला आधी काय आणि मागं काय! चिडून मी स्वतः तिसरी पट्टी गुंडाच्या क्रमानं लावली. दुसऱ्या दिवशी तीही गेली.

वैतागून देवळात कीर्तनाला जाऊन बसलो. साताऱ्याहून आलेल्या बुवांनी त्या दिवशी नमनालाच पेटीची काळी पाच, एवढा उंच सूर धरला. वा, काय आवाज होता! पण आख्यानात साधी ओवी म्हणतानाही घसा चिरकला, आरती आम्हीच ओढली. रोज हेच बुवा खालून चढत जात. आख्यान रंगवून वर शेवटी ताना घेत. गाणं तेवढंच, क्रम तेवढा उलटा. मी अर्ध्या आरतीतच उठलो. पंपही सुरू होताना आधी मोठे हिसकेच खातो, लहान थरथर नंतरची. माझा क्रम कागदावरचा होता, पंपाचा क्रम गुंडाचा.

लॉरी भरून उभी होती. मालक आण्णा झेंडूचा हार बांधत होते.

"आण्णा, पंप जाऊ देऊ नका. पट्ट्या जाड घालायला हव्यात."

"आवं, परवा तुमीच म्हणाला, हंगाम निघतोय."

"चुकलो."

"गुंडानं मोडली म्हणून सांगा की गड्या, लॉरी तरी जाईल."

"गुंडानं मोडली नसती, तर साखर कारखान्यात मोडली असती."

 आण्णांनी लॉरीचा हार सोडून गुंडाच्या गळ्यात घातला.

"उतरव आता सगळं. आन् थोरला पंप म्होरं घे, न्हाईतर देव कोपंल."