चोरचोळी

रत्नाबाईंना बाईची नुसती चाल बघून कळायचं. कोण चहाला नाक मुरडते, कोण भांडी घासता घासता पेंगते, कुणाला फोडणीच्या वासानं मळमळतं, सगळं त्या टिपायच्या. नांदे गावात एखादीला दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याच्या आधी रत्नाबाईंना ठाऊक असे, आणि त्याचा तोरा काय विचारता! म्हणूनच स्वतःच्या घरात चार वर्षं ओळखण्यासारखं काहीच घडलं नाही, हे त्यांना फार लागलं होतं. त्याचा राग निघायचा सुनेवर. त्या प्रियंकाला नावानं हाकसुद्धा मारत नसत. 'अगं ए' म्हटलं की तिनं यायचं.

त्या उन्हाळ्यात प्रियंकाची पाळी चुकली. हे घरात सांगावं लागलं नाही. दर महिन्याला ती पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकून बाजूला बसायची, की सगळ्या आळीला कळायचं. या खेपेला कोपरा रिकामा राहिला. त्यात एके दिवशी लसणाची फोडणी पडली आणि प्रियंका तोंडाला पदर लावून मोरीकडं पळाली. रत्नाबाई चुलीपुढून उठल्या, तिची पाठ चोळली आणि तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

"झोप लई येतीया का गं?"

"व्हय, आत्या."

"छाती दुखती? आंबट खावंसं वाटतंय?"

"व्हय."

"बास! मला नगं शिकवू कुनी," रत्नाबाई म्हणाल्या. शिकवत कुणीच नव्हतं. त्यांनी गोणपाट झटकलं आणि माळ्यावर फेकून दिलं.

मग प्रियंकाच्या हातातला हंडा गेला. दुपारी कैरीच्या फोडी येऊ लागल्या, तिखटमीठ लावून, ताटलीत, आणि सोबत 'प्रियंका, बाळ' अशी हाक. तिचा नवरा सुनील हिंजवडीच्या एका कंपनीची गाडी चालवायचा, तोही शीळ घालत घरी येऊ लागला. प्रियंकाला फार बरं वाटत होतं. लग्न होऊन आपण आत्ता कुठं या घरात आलो, असं वाटत होतं.

"तीन म्हैने कुनाला सांगायचं न्हाई. दवाखाना बी मंग," रत्नाबाईंनी बजावलं. पण प्रियंकाला कुणीतरी ठाम सांगायला हवं होतं. दात दुखतोय असं सांगून ती सिक्स सीटरनं पिरंगुटला गेली. डॉक्टरीणबाईंनी लघवी पट्टीवर तपासली, पोट तपासलं, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली.

"दिवस राहिलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "मळमळ, झोप, पाळी चुकणं ही लक्षणं तीच, पण अंगात रक्त नसलं, जिवाला घोर असला, तरी हेच होतं. आधी तपासायचं, मग घरात सांगायचं."

परतताना सिक्स सीटरमध्ये प्रियंकानं वाक्य जुळवलं. दारात रत्नाबाई ताटली घेऊन उभ्या होत्या.

"दात काय म्हनतोय, बाळ?"

"बरा हाय," प्रियंका म्हणाली आणि कैरी खाल्ली.

त्या दिवसापासून ती कैरी चोरीची झाली. फोडणी पडली की ती आता आठवणीनं नाक झाकायची, जांभया द्यायची. स्वतःची किळस यायची. आणि तरी दुसऱ्या दुपारी कान ताटलीच्या आवाजाकडं लागायचे, याची तर जास्तच लाज वाटायची.

तिसरा महिना लागला असा हिशेब धरून रत्नाबाईंनी हिरव्या खणाची चोळी शिवून आणली. पहिलटकरणीला ही चोळी दृष्ट लागू नये म्हणून गुपचूप द्यायची, चोरून द्यायची, म्हणून चोरचोळी. बावधनला दिलेली त्यांची लेक सुलक्षणा तेवढी आली होती. देवापुढं पाट मांडला. आणि त्याच सकाळी न्हाणीत प्रियंकाला पाळी आली.

ती देवघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. रत्नाबाई बोटावर कुंकू घेऊन पुढं आल्या.

"आत्या, मला शिवू नका."

बोट तिथंच थांबलं. या वाक्याचा अर्थ कुठल्या बाईला सांगावा लागतो?

"अगं बाई, पडलं की काय?" सुलक्षणा ओरडली. रत्नाबाईंनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं. "माझं लेकरू गं," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले.

नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. पदरात दोष नाही, उलट माया पडली असती. प्रियंकाला हे लख्ख कळलं, आणि मान हलवायचा मोह झाला म्हणून ती शरमेनं तापली.

"पडलं न्हाई. नव्हतंच. डॉक्टरीनबाईंनी सांगितलं व्हतं मला."

"कवा?"

"दात दुखत व्हता तवा."

"मंग तोंडात काय गुळनी धरली व्हतीस?"

प्रियंका पायाकडं बघत म्हणाली, "तुमी कैरी चिरून देत व्हता."

रत्नाबाईंनी चोळीची घडी मोडली, पुन्हा घातली. सुलक्षणा आईकडं बघेना आणि आई लेकीकडं बघेना.

प्रियंका पडवीत जाऊन कोपऱ्यात उघड्या जमिनीवर बसली. पाण्याला निघालेल्या दोघी थबकल्या, एकमेकींकडं बघून पुढं गेल्या. संध्याकाळपर्यंत आळीभर होणार होतं, आणि रात्री सुनीलला सांगायचं होतं.

बऱ्याच वेळानं रत्नाबाई बाहेर आल्या. गोणपाट त्यांनी स्वतः अंथरलं. मग ताटली आणली. बाजूला बसलेलीला ताट लांबून सरकवायचं असतं. रत्नाबाईंनी ती तिच्या हातात दिली, बोटाला बोट लागलं तरी.

"खा, प्रियंका," त्या करवादल्या. "पोटात कुनी न्हाई म्हनून बाईला भूक लागत न्हाई व्हय?"

प्रियंकानं फोड तोंडात घातली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. कैरी फार आंबट होती, तेवढं बरं झालं.