पोपट घोलपचा सत्कार

पोपट घोलपला त्याची बायको माया केंद्रात घेऊन आली ती पाण्यापायी. दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या चाळीत एक दिवसाआड तासभर नळ यायचा, आणि पोपट भरलेली दोन्ही पिंपं हात धुण्यातच संपवायचा. सतरा वर्षं फौजेत काढून नाईक म्हणून निवृत्त झालेला धडधाकट गडी, पण बोटांच्या बेचक्यातली कातडी सोलवटून लाल झालेली. जेवायचा चमच्यानं. भाकरीसुद्धा चमच्याच्या कडेनं तोडायला बघायचा. पोरीला दोन वर्षांत हात लावला नव्हता, असं माया म्हणाली, आणि सांगताना तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही.

केंद्र कल्याणहून मुरबाडकडे जाताना रायते गावाच्या अलीकडे होतं. एक बंद पडलेलं वसतिगृह वीरछाया प्रतिष्ठाननं घेऊन तिथं माजी सैनिकांसाठी राहून उपचार घ्यायची सोय केली होती. चौदा खाटा, एक स्वयंपाकघर, मागं पेरूची झाडं. डॉ. सुमती ओव्हाळ तिथल्या प्रमुख. वीस वर्षं सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात काढल्यावर त्यांनी ही नोकरी धरली होती आणि डोंबिवलीहून रोज सकाळी आठला त्या हजर असायच्या. त्यांचे वडील पलटणीत हवालदार होते. ते घरी आल्यावर पंधरा वर्षं जवळजवळ न बोलता जगले आणि तसेच गेले. या कामात सुमतीबाई का आल्या, याचं कारण विचारलं तर त्या एवढंच सांगत.

पोपटला बोलतं व्हायला सात आठवडे लागले. एका डोंगरी रस्त्यावर त्याच्या तुकडीची गाडी उडवली होती. पाच जण होते, पाचही त्याच्या ओळखीचे. उरलेलं गोळा करायचं काम पोपटवर आलं. सकाळपासून दुपारपर्यंत तो उतारावर फिरून गोळा करत होता. मग बर्फानं हात चोळले, आणि पलटणीच्या लंगरमधून आलेला वरणभात त्याच हातांनी खाल्ला.

"भूक लागलेली, मॅडम," तो म्हणाला. "मी दोनदा मागून घेतला. लय चव लागली."

हे सांगताना तो भिंतीला चिकटून बसला होता. त्याला खाणारी गोष्ट उतारावरची नव्हती, भाताची होती. हे त्यानं दोघांनाच सांगितलं होतं: सुमतीबाईंना, आणि खोलीतला जोडीदार चांगदेव भालेराव याला. चांगदेव वयानं मोठा, निवृत्त हवालदार, कल्याणचाच. स्वतःची झोप उडालेली असल्यानं दुसऱ्याचं ऐकायला त्याला वेळ असायचा.

त्यानंतर पोपट हळूहळू सुधारत होता. हात धुणं दिवसाला चाळीस वेळांवरून नऊवर आलं. एकदा त्यानं झाडावरचा पेरू तोडला आणि हातात धरूनच खाल्ला. ते बघून सुमतीबाई खिडकीपासून मागं सरल्या, त्याला कुणी बघितलंसं वाटू नये म्हणून.

याच सुमारास ठाण्याला विश्वस्तांची बैठक झाली. सुमतीबाईंना आणखी चार खाटा हव्या होत्या. नावं नोंदवून बसलेली माणसं घरी पंख्याकडे बघत पडली होती. बैठक जेवणाबरोबर होती. त्यांनी आकडे सांगितले, तक्ते दाखवले, पण समोरची डोकी मोबाइलमधून वर येईनात. तेव्हा त्यांनी पोपटची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, पलटण सांगितली नाही. उतार सांगितला, बर्फ सांगितलं, भात सांगितला आणि शेवटी चमचा. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे त्यांना नेमकं जमलं. टेबलावरचे घास थांबले. एका बाईंनी डोळे पुसले. अध्यक्ष सर्वेश कारखानीस, बांधकाम व्यवसायातलं मोठं नाव, त्यांनी तिथल्या तिथं चार खाटा मंजूर केल्या. परतताना सुमतीबाई खूश होत्या. आपण किती छान सांगितलं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

महिन्याभरानं कारखानीसांचा फोन आला. डोंबिवलीत प्रतिष्ठानचा वार्षिक समारंभ आहे, एका जवानाचा सत्कार करू, त्या घोलपांचा. शाल, श्रीफळ, बस्स. भाषण नाही, काही नाही. घोलपच का, असं सुमतीबाईंनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, त्यांची प्रगती चांगली आहे असं ऐकलंय. पोपटला विचारलं तर तो लाजला. पोरगी बघायला येईल का, म्हणाला. सुमतीबाईंनी परवानगी दिली.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत सुमतीबाई, त्यांच्या मागच्या रांगेत माया आणि आठ वर्षांची अक्षदा. शाल झाली, श्रीफळ झालं. पोपट टाचा जुळवून उभा होता आणि आता खाली जायचं म्हणून वळतच होता, तेवढ्यात निवेदिकेनं त्याला थांबवलं आणि मागं सनई सुरू झाली. मग तिनं कागदावरून वाचायला सुरुवात केली. ज्या हातांनी या वीरानं आपल्या मित्रांचे अवशेष वेचले, ज्या हातांनी त्यानंतर तो अन्नाला स्पर्श करू शकला नाही. सुमतीबाईंना पहिल्यांदा काही कळेना. मग त्यांना आपली वाक्यं ओळखू यायला लागली. पुढं भातही आला, फक्त तो आता "अश्रूंनी भिजलेला घास" झाला होता.

कारखानीस माइकपाशी आले. म्हणाले, आमच्या केंद्रानं काय केलं हे आज तुम्ही डोळ्यांनी बघा. आज हे हात पुन्हा अन्नाला लागणार. कुणीतरी ताटलीतून पेढे आणले. पोपटनं स्वतःच्या हातानं प्रमुख पाहुण्यांना भरवायचं होतं.

पोपट ताटलीकडे बघत राहिला. मग सतरा वर्षांच्या सवयीनं, समोरचा मोठा माणूस सांगतोय म्हणून, त्यानं पेढा उचलला. पाहुण्यांनी फोटोवाल्याकडे तोंड करून ओठ मागं घेतले आणि पेढ्याची कड नुसत्या दातांनी तोडली, बोटांचा स्पर्श होणार नाही अशी. लगेच रुमाल काढून तोंड पुसलं. पोपटनं ते बघितलं. सुमतीबाईंनी पोपटला ते बघताना बघितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या कडकडाटात आपलेही हात दोनदा एकमेकांवर आपटल्याचं सुमतीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ते मांडीवर घट्ट दाबून धरले. त्या उठल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. मागून अक्षदाचा आवाज आला, आई, बाबांनी काय वेचलं?

बाहेर जेवण मांडलं होतं. एक ओळखीच्या बाई पुरी-श्रीखंडाची ताटली घेऊन सुमतीबाईंजवळ आल्या आणि चावता चावता विचारू लागल्या, खरंच का हो डॉक्टर, हातांनीच? मोजे वगैरे नसतात का? त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात श्रीखंड लागलं होतं. सुमतीबाई स्वच्छतागृहात गेल्या, ओकल्या, आणि तोंड धुताना आरशात बघायचं त्यांनी टाळलं.

रायत्याला परत येईपर्यंत पोपटनं उजवा हात गाडीच्या खिडकीबाहेर धरला होता. केंद्रात पोचताच तो न्हाणीघरात शिरला. चांगदेव दारावर थापा मारत राहिला, तेव्हा आतून एवढंच आलं: "तूच सांगितलंस." दुसऱ्या दिवशी सकाळी माया येऊन त्याला घेऊन गेली. हे सगळं सुमतीबाईंना परिचारिका कृतिकानं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रजिस्टर पुढं ओढलं.

खरं त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण सुमतीबाईंनी अकरा दिवस काढले. माणसांचा विश्वास उडेल, सगळ्यांचेच उपचार बिघडतील, योग्य वेळ बघून सांगू, अशी कारणं त्या स्वतःलाच देत राहिल्या, आणि ती कारणं ऐकताना त्यांना स्वतःचीच शिसारी यायची. कारखानीसांना त्यांनी फोन केला होता. ते म्हणाले, मॅडम, गोष्ट तुम्हीच तर दिलीत. चमच्यानं जेवणारा कोण, हे तुमच्या स्वयंपाक्याला विचारलं, एवढंच. वर हेही म्हणाले की समारंभाचा व्हिडिओ टाकला, तो फार लोकांनी पाहिला.

बाराव्या दिवशी दुपारी त्या जेवणघरात गेल्या. चांगदेव ताट घेऊन एका टेबलाशी बसला, आणि तिथं आधी बसलेले तिघं ताटं उचलून उठले आणि पलीकडे गेले. फुटलेल्या गोष्टीचा दोष सगळ्यांनी त्याच्यावर टाकला होता. चांगदेव खाली बघून जेवत राहिला, सवय असल्यासारखा. सुमतीबाईंच्या वडिलांनी आयुष्यात मोजक्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांतली एक गावच्या शाळेतली होती: ते डबा घेऊन बसले की विटाळाच्या भीतीनं पोरांची ओळ कशी उठायची. ते आठवून त्यांना समोरच्या तिघांचा राग आला नाही. राग यावा असं माणूस तिथं एकच होतं.

त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर, उभ्यानं सांगितलं. घोलपची गोष्ट मी सांगितली. चार खाटा मिळाव्यात म्हणून, ठाण्याला, जेवणाच्या टेबलावर. भालेरावांचा काही संबंध नाही. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

चांगदेवनं घास संपवला, पाणी प्यायला.

"मला माहीत होतं, मॅडम," तो म्हणाला. "मी सांगितलं नाही म्हणजे तुम्ही. तिसरं होतंच कोण?"

"मग बोलला का नाहीत?"

"बघत होतो, तुम्ही किती दिवस घेता."

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर दिव्याला आला. येऊ का, असं विचारलं नाही. गाडीत पुढं येऊन बसला. चाळीतली खोली लहान, दारात दोन निळी पिंपं, दोन्ही तळाला गेलेली. पोपट पलंगाच्या कडेला बसला होता. हातांना मलम आणि वर सुती पट्ट्या. मायानं चांगदेवला पाणी दिलं. सुमतीबाईंना दिलं नाही, आणि त्यांनाही ते बरोबर वाटलं.

सुमतीबाईंनी जेवणघरात सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, काही न गाळता. आपण टाळ्या वाजवल्या हेही सांगितलं. पोपट ऐकत होता तो चांगदेवकडे बघत. मग पट्टी बांधलेला हात उचलून त्यानं चांगदेवच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. चांगदेवनं गुडघा हलवला नाही.

"त्या चार खाटा," पोपटनं विचारलं, "भरल्या का?"

"भरल्या."

"झोपतात का ती माणसं?"

"दोघं झोपायला लागलीत."

"मग तेवढं तरी झालं," तो म्हणाला. "पण मी तुमच्याकडे नाही येणार, मॅडम. तुमच्यासमोर बोलायला लागलो की मला वाटंल, हे आता कुठं सांगतील. दुसरं कोण असंल तर लिहून द्या."

सुमतीबाईंनी तिथंच पर्स मांडीवर घेऊन चिठ्ठी लिहिली: ठाण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या नावानं, त्यांच्याहून तरुण, त्यांच्याहून कमी बोलणाऱ्या. गोष्ट लिहिली नाही. औषधं लिहिली, आणि खाली एक ओळ: बाकी ते स्वतः सांगतील, सांगावंसं वाटलं तर.

निघताना माया दारापर्यंत आली. पोरगी शाळेतून येऊन विचारते, सगळे बाबांचा व्हिडिओ दाखवतात म्हणून. तिला काय सांगू, तेवढं सांगा, असं ती म्हणाली. सुमतीबाई मानसोपचार शिकलेल्या, शिकवलेल्या. अक्षदाला शाळेत भेटायला येऊ का, एवढंच त्यांनी विचारलं, तर माया नको म्हणाली.

कारखानीसांना त्यांनी लेखी कळवलं: व्हिडिओ काढून टाका, आणि यापुढं कुठल्याही रुग्णाला समारंभाला पाठवणार नाही. कारखानीसांनी व्हिडिओ काढून टाकला, दिलगिरीचं पत्र पाठवलं आणि पत्राबरोबर मिठाईचा पुडा. पुडा सुमतीबाईंनी न उघडता गेटवरच्या कचरापेटीत टाकला, पण वास दिवसभर बोटांना येतोय असं त्यांना वाटत राहिलं. राजीनामा लिहिला आणि आठवडाभर जवळ ठेवला. त्या गेल्या असत्या तर अठरा माणसं कारखानीसांच्या हातात राहिली असती. हेही आपण दिलेलं आणखी एक कारणच आहे का, हे त्यांना आजतागायत ठरवता आलेलं नाही.

सकाळच्या बैठकीत आता चांगदेव सुरुवात करतो. इथलं बोलणं इथंच राहील, असं प्रत्येकानं आळीपाळीनं म्हणायचं, हा त्यानं घातलेला नियम. माणसं भराभर म्हणून टाकतात. सुमतीबाईंची पाळी आली की तो जरा थांबतो, आणि त्या पूर्ण वाक्य म्हणेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहतो.