पालथी काहील

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची ती पसरट, लोखंडी कढई. बरीच वर्षं माझ्या पोटात गूळ शिजला. गुऱ्हाळ बंद पडलं, तेव्हा गावातल्या रेवणप्पानं मला ओढ्यावर आणलं आणि माझी होडी झाली. दोन्ही काठांना बांधलेला दोर धरून तो मला ओढतो आणि माणसं माझ्यात बसून पलीकडे जातात.

आमचा ओढा साधासुधा नाही, तो जिल्ह्याची हद्द आहे. गाव अलीकडे, कंधार तालुक्यात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. जवळचा दवाखाना पलीकडे, अहमदपूर तालुक्यात, म्हणजे लातूर जिल्ह्यात. पूर्वी दोन्ही काठांचे खासदारही वेगळे होते. मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि आमचा काठ लातूर मतदारसंघात गेला. गावानं पेढे वाटले. दोन्ही काठांना एकच खासदार, आता पूल होणारच! पण जिल्हे दोनच राहिले. पुलाचा अर्ज नांदेडला गेला की लातूरला विचारा, लातूरला गेला की नांदेडला विचारा. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी आमची गत झाली.

त्यात लोकसभेची निवडणूक येते भर उन्हाळ्यात. तेव्हा ओढ्यात पाण्याचा टिपूस नसतो आणि मी काठावर पालथी पडलेली असते. उमेदवार यायचे म्हटलं की गावकरी माझ्यावर पांढरी चादर अंथरतात. झालं व्यासपीठ! खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान वाटायचा. साहेब माझ्यावर उभे राहून पुलाचं वचन द्यायचे. आपण कशावर उभे आहोत, हे त्यांना कधी कळलंच नाही.

गेल्या लोकसभेला माइकचा दांडा काही केल्या सरळ उभा राहीना. एका कार्यकर्त्यानं सरळ माझ्या बुडाला भोक पाडलं. टाळ्यांच्या गजरात माझं दुखणं कोण ऐकणार? नंतर रेवणप्पानं डांबर आणि गोणपाट लावून ते बुजवलं.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गावातल्या महामायाचे दिवस भरले. कळा सुरू झाल्या तेव्हा ओढा दुथडी वाहत होता. तिच्या सासूनं, केवळाबाईनं, तिला धरून माझ्यात बसवलं. आम्ही मध्यावर आलो आणि बुजवलेलं भोक सुटलं.

"रेवणप्पा, पाणी शिरून राहिलं वो!" केवळाबाई ओरडली आणि तिनं भोकावर टाच रोवली.

"घट दाबा, माय! मागं फिरावं लागतंय!"

मागे फिरलो. पाणी उपसलं, भोकात चिंध्या कोंबल्या आणि पुन्हा निघालो. पोहोचलो खरे, पण उशीर झाला होता. बाळ जन्मलं, पण रडलं नाही.

काही दिवसांनी महामाया परत आली, तीही माझ्यातच बसून. हात रिकामे होते. वाटभर ती त्या भोकाकडे बघत होती. मला तोंड लपवायला जागा नव्हती, मित्रांनो.

यंदा आणखी एक निवडणूक आली. ओढा आटलेला, मी पालथी. कार्यकर्ते चादर घेऊन आले, तेव्हा महामाया पुढे झाली.

"चादर नगं," ती म्हणाली. "भोक दिसू द्या."

साहेब आले. केवळाबाईनं त्यांना भोक दाखवलं, झालं ते सगळं सांगितलं. साहेबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता मात्र पूल झालाच. मग त्यांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, "हा ओढा नेमका कोणाच्या हद्दीत येतो?"

महामायानं ते ऐकलं.

"पावसाळ्यात या, सायेब," ती म्हणाली. "मधोमध नेऊन दावते हद्द."

साहेब गाडीत जाऊन बसले. गाड्या धूळ उडवत निघून गेल्या.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. मला जपू नका. मला भंगारात घाला, वितळवा, माझ्या सळया करा आणि त्या पुलात घाला. फक्त लवकर करा. महामायाच्या जावेला सातवा महिना लागलाय, पावसाळा तोंडावर आलाय, आणि रेवणप्पा माझ्यासाठी पुन्हा डांबर तापवतोय.