व्यक्ती आणि लाभार्थी

जिल्हा कार्यालयात खुर्च्या विकायला गेलं की पहिली गोष्ट कळते ती ही, की विकणाऱ्याला तिथे खुर्ची मिळत नाही. भिंतीला टेकून उभं राहायचं. भिंतीवर आमच्यासारख्यांच्या डोक्याच्या तेलाचे डाग ओळीने पडलेले आहेत, त्यामुळे टेकायचं कुठे हे कुणाला विचारावं लागत नाही. माझ्या कडेवर लेक होती आणि पायाशी गोणपाटात गुंडाळलेली छोटी खुर्ची. लेक तीन वर्षांची, तिला आम्ही टिकली म्हणतो. सासूबाईंचे गुडघे धरले होते म्हणून तिलाही सोबत आणावं लागलं.

टेंडर होतं खेड्यापाड्यांतल्या बालवाड्यांसाठी छोट्या खुर्च्यांचं. आमची सुतारकामाची शेड आहे. नवरा लाकूड कापतो, जोडतो. पॉलिश मी करते, आणि हिंडून कामंही मीच आणते, कारण तो बोलायला लागला की गिऱ्हाईक पळतं. हल्ली लोक तयार सामान घेतात, सुताराला बोलावतात ते दार घासायला लागलं की. ही ऑर्डर मिळाली तर शेड चालणार होती. नाही तर माझ्या भावाच्या ओळखीने नवरा लांब बंदरावरच्या कारखान्यात जाणार होता, घरी येणार वर्षातून एकदा. त्याची बॅग माळ्यावरून काढून ठेवली होती. टिकली तिच्यात बसून गाडी गाडी खेळायची.

नमुन्याची खुर्ची त्याने टिकलीच्याच मापाने केली. तिला भिंतीशी उभं करून गुडघ्यामागे पेन्सिल धरली, तेव्हा ती गुदगुल्यांनी इतकी वळवळली की खूण दोनदा चुकली. कडा घासून झाल्या की तो त्या स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचा. दाढी केलेल्या गालावरून, हेही सांगते, कारण त्या आठवड्यात तो रोज दाढी करत होता. खुर्ची अशी हलकी झाली की टिकलीने एका हाताने उचलून घरभर मिरवली.

तर ही खुर्ची घेऊन मी खरेदी समितीपुढे उभी राहिले. समिती तिघांची. मधे मोठे साहेब. त्यांच्या डावीकडे भांडारपाल, म्हणजे सरकारी सामान ज्यांच्या ताब्यात असतं ते. पण त्यांच्याकडे बघून वाटे की सामान ते पोटातच ठेवत असावेत. उजवीकडे एक गृहस्थ होते, त्यांचं काम शेवटपर्यंत कळलं नाही. मोठ्या साहेबांचं वाक्य संपलं की ते "बरोबर" म्हणत, म्हणून मी मनात त्यांचं नाव होयबा ठेवलं.

"मजबूत आहे का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आहे साहेब. सगळे सांधे खाचेत बसवलेत."

"बघू."

त्यांनी भांडारपालांकडे मान वळवली. भांडारपाल उठले, पँट वर ओढली. मला वाटलं, पाय हलवून बघतील, बोटाने ठोकतील. ते वळले आणि खुर्चीवर बसले.

खुर्चीवर म्हणणंही चूकच. तिच्यावर त्यांचा फार तर चौथा हिस्सा मावला असेल. बाकीचा आधार शोधत असतानाच मागचा पाय कडकन मोडला आणि भांडारपाल सरकारी फरशीवर, पाय पुढे पसरून. टिकली माझ्या कडेवरून वाकून बघत म्हणाली, "काका, ती तुझी नाही, ती छोट्यांची आहे."

"नापास," मोठे साहेब म्हणाले.

"बरोबर," होयबा म्हणाले.

"साहेब, ही तीन वर्षांच्या मुलांसाठी आहे," मी म्हटलं. "मोठं माणूस बसलं तर कशी टिकेल?"

"टेंडरमध्ये काय लिहिलंय? वाचा."

मला पाठ होतं. "एका व्यक्तीचे वजन पेलण्यास सक्षम."

"मग?"

"मग मूल ही व्यक्तीच ना?"

मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या खुर्चीला हात होते, गादी होती आणि पाठीवर टॉवेलही होता. "मूल म्हणजे लाभार्थी," ते सावकाश म्हणाले, जसं मी टिकलीला गरम आणि थंड शिकवते तसं. "लाभार्थी म्हणायचं असतं तर लाभार्थी लिहिलं असतं. इथे व्यक्ती लिहिलंय."

"बरोबर. लाभार्थी वेगळा, व्यक्ती वेगळी."

"म्हणजे लाभार्थी व्यक्ती नसतो?"

"ताई, ते तुम्ही समाजकल्याणला विचारा. वरचा मजला. आम्ही खरेदी."

मला हसू आलं नाही. हसायला समोरच्याबद्दल थोडी तरी माया लागते. तिघे चेष्टा करत नव्हते, लाचही मागत नव्हते. लाच मागितली असती तर निदान डोकं चालतं एवढं तरी कळलं असतं.

भांडारपाल एव्हाना उठून पँट झटकत होते. त्यांनाच माझी दया आली. "पुढच्या सोमवारी पुन्हा बैठक आहे. पाय जाड करा आणि उंची वाढवा जरा. आम्हाला चाचणी घेता आली पाहिजे ना."

"किती वाढवू?"

"बसल्यावर माणसाला अवघडल्यासारखं नको. गुडघे हनुवटीला लागतात हो."

"मुलांचे पाय लोंबतील. पडतील ती."

"मग पट्टा लावा," मोठे साहेब म्हणाले. "पण पट्ट्याचं वेगळं टेंडर निघेल."

घरी आल्यावर नवऱ्याने मोडका पाय हातात घेऊन उलटसुलट केला.

"कोण बसलं?"

"भांडारपाल."

"का?"

सासूबाई गुडघ्याला तेल चोळत म्हणाल्या, "अरे, त्यांना पलंगच करून दे. निजूनच काम करायचं तर खुर्ची कशाला?"

"मी नाही करणार," तो म्हणाला. "पोरांसाठी मागितलं, पोरांसाठी केलं. आता काय बैलांसाठी करू?"

"बैल बरे. त्यांना वाचता येत नाही हे त्यांना माहीत असतं," मी म्हटलं. "पण मग त्या बॅगेतून पोरीला उठव आणि तुझे कपडे भर."

तो शेडमध्ये निघून गेला. चहाला हाक मारली तरी आला नाही. मी कप घेऊन गेले तेव्हा तो जाड लाकडावर रंधा मारत बसला होता. वर न बघता म्हणाला, "त्या भांडारपालाचा गुडघा कुठवर येतो?"

"तुझ्याएवढाच असेल. उभा वाढला नाही तो, आडवाच वाढलाय."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि स्वतःच्या गुडघ्यामागे धरली. खूण एकदाच केली.

सोमवारी मी ते धूड टेम्पोतून नेलं. शिपायाने एका बाजूने हात लावला आणि लगेच काढून घेतला. भांडारपाल बसले, हलले, पाय पसरले. मग मोठे साहेब बसले. मग होयबा बसले आणि साहेब "पुरे" म्हणेपर्यंत उठलेच नाहीत.

"ही खरी खुर्ची," मोठे साहेब म्हणाले. पास झाली. सही करता करता त्यांना काही सुचलं. "ताई, यातल्या दोन-चार जास्तीच्या होतील का? आम्ही बालवाड्यांच्या पाहणीला जातो ना, तर तिथे बसायला धड काही नसतं."

"साहेब, याच तर जाणार आहेत तिथे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांचा चेहरा इतका मनापासून खुलला की मी नजर खाली केली. "अरे हो," ते म्हणाले. "मग प्रश्नच मिटला."

"बरोबर."

"तुमच्याच समजा," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. एवढं तोंडावर बोलले तरी तिघांपैकी एकाच्याही अंगाला लागलं नाही.

शेड चालू राहिली. बॅग परत माळ्यावर गेली. टिकली आता आमच्या इथल्या बालवाडीत जाते. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी दोन पोरं खाली आपटल्यावर खुर्च्या एकावर एक रचून कोपऱ्यात चादरीखाली ठेवल्या. मुलं सतरंजीवर बसतात. पाहणी आली की बाई चादर काढतात, पाहुणे बसतात, चहा पितात आणि लाभार्थी समाधानी आहेत असं लिहून जातात.

टिकलीने तिथे सगळ्यांना सांगितलं की या खुर्च्या माझ्या बाबांनी केल्यात. एका पोराने तिला विचारलं, तुझ्या बाबांना छोट्या मुलांचं माप माहीत नाही का. दुपारी घरी आल्या आल्या, चप्पल न काढता, तिने तेच बापाला विचारलं. तो जेवत होता.

"माहीत आहे," तो म्हणाला.

ती त्याच्या मांडीवर चढली आणि बसली. त्याने ताट जरा पुढे सरकवलं, डाव्या हाताने तिला धरलं आणि उजव्या हाताने जेवत राहिला. मी त्याला आणखी वाढलं, तरी त्याने वर पाहिलं नाही.