उंबऱ्यापर्यंतची ऊब

गोळ्यांनी बोसिबोरीच्या पोटात रक्तस्राव झाला, तेव्हा डॉक्टरांनी दुखण्याच्या सगळ्याच गोळ्या बंद केल्या, आणि तिचा डावा खांदा मोकाट सुटला. किसीच्या उंच टेकड्यांवर थंडी पडते ती जुलैत; तो गारठा उतरला की तो खांदा असा काही ठणकायचा, की म्हातारी तोंडात पदर कोंबून कण्हायची. तिची आठवण तर चार वर्षांपूर्वीच विरत चालली होती. मुलाला ती भाऊ समजायची आणि गेसारे या सुनेला आपली थोरली बहीण.

मंगळवारी दवाखान्यातली नर्स मोकेइरा घरी आली.

"गोळी नाही म्हणजे इलाजच नाही असं नसतं, आजोबा," ती बोसिबोरीच्या नवऱ्याला, ओंदारीला म्हणाली. "ऊब द्या. हलक्या हाताने चोळा. दिवसातून दोनदा खांदा थोडा थोडा हलवा. आणि एकटं ठेवू नका. एकटं पडलं की दुखणं फार वाढतं."

"हे जमेल मला," ओंदारी म्हणाला. "साठ वर्षं दगड गुळगुळीत करतोय मी."

"आजी म्हणजे दगड नव्हे हो. जपून."

ओंदारी हसला. ताबाकाच्या खाणीतला शंखजिऱ्याचा मऊ दगड त्याने जन्मभर कोरला होता. पाणघोडे, मासे, वाडगी, काय काय. हा दगड तापला की बराच वेळ ऊब धरून ठेवतो, हे त्याला ठाऊक होतं. दोन दिवस खपून त्याने खांद्याच्या खोबणीत बसेल असा एक दगड घडवला. कुठे कड नाही, कुठे टोक नाही. गरम पाण्यात तापवला, जुन्या सुती कापडात गुंडाळला आणि तो आत गेला.

बोसिबोरीने खांद्याकडे येणारा त्याचा हात पाहिला आणि ती भिंतीला जाऊन चिकटली.

"नको मारूस! बियाणं मी नाही दिलं भावाला! देवाशप्पथ नाही दिलं!"

गेसारे भाजीची परात घेऊन दारात उभी होती. तिने सासूकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. ओंदारी दगड छातीशी धरून बाहेर आला आणि ओट्यावर बसला.

"बाबा, कसलं बियाणं?"

"मक्याचं."

"आईंचा खांदा तर मळ्याच्या उतारावरून पडून मोडला होता ना? सगळे तेच सांगतात."

"तेच ठरलं होतं सांगायचं. तिने तर आपल्या आईलासुद्धा तेच सांगितलं." त्याने दगडावरचं कापड सारखं केलं. "मी मारलं. कुदळीच्या दांड्याने. दारू प्यालो होतो म्हणून सांगितलं असतं, पोरी. पण त्या दिवशी प्यालेलो नव्हतो."

गेसारेने परात खाली ठेवली. तिने त्याच्या हातातला दगड घेतला आणि ती आत गेली. थोड्या वेळाने आतलं कण्हणं कमी झालं.

ओंदारीने आणखी दोनदा करून पाहिलं. एकदा टोपी काढून, एकदा अजिबात न बोलता, पाठीमागून. पण त्याचा हात लागला की म्हातारीचं अंग ताठ व्हायचं. चाळीस-एक वर्षांपूर्वीचा हात तो. नाव विसरली, तोंड विसरली, हात विसरली नाही. दुसऱ्या खेपेला तर भीतीने तिचं अंथरूण ओलं झालं. त्यानंतर त्याने उंबरा ओलांडला नाही. रात्री तो स्वयंपाकाच्या झोपडीत निजू लागला.

त्याने दुसरा दगड घडवला. एक आत असेपर्यंत दुसरा भांड्यात तापायचा. लाकडं तोच फोडायचा, पाणी तोच भरायचा. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, म्हणून प्रत्येक दगड आधी आपल्या गालाला लावून पाहायचा आणि मग उंबऱ्यापाशी ठेवायचा. गेसारे तो उचलून न्यायची. अकरा दिवस ती त्याच्याशी दगडापलीकडे एक शब्द बोलली नाही. बाराव्या दिवशी तिने चहाचा पेला त्याच्याजवळ आपटला.

"निवेल. प्या."

गुरुवारी चर्चच्या बायका यायच्या. त्या जात्यावरची गाणी म्हणायच्या आणि बोसिबोरीचा हात धरून नाचणी दळल्यासारखा पुढे-मागे करायच्या. दवाखान्यात जो खांदा तिने कुणाला हलवू दिला नव्हता, तो गाण्याबरोबर हलायचा. "अगं, जाडंभरडं निघतंय, नीट दळ!" असं ती त्यांनाच सुनवायची. ओंदारी अव्होकाडोच्या झाडाखाली बसून ऐकायचा. तिचा हसण्याचा आवाज किती वर्षांनी ऐकतोय, ते त्याला आठवेना.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका दुपारी तो दगड ठेवून वळणार, तेवढ्यात आतून बोलणं कानावर आलं.

"हा दगड कोण तापवतं गं?" बोसिबोरी विचारत होती. "अगदी बेताचा असतो. भाजत नाही की गारही नाही."

गेसारे म्हणाली, "एक म्हातारा आहे."

"कुणाकडचा?"

"इथलाच."

"जेवला का तो? वाढ त्याला काहीतरी. आणि म्हणावं, आता घरी जा बाबा. बायको वाट बघत असेल."

गेसारेने खरंच पान वाढून आणलं, नाचणीचा गोळा आणि पालेभाजी. ओंदारीने ते सगळं खाल्लं.

पुढे बारा दिवसांनी, सकाळी, गेसारे अंग पुसत असतानाच बोसिबोरी गेली. खांदा शेवटपर्यंत दुखतच होता, पण ती ओरडत नव्हती.

मातीच्या दिवशी नाकुरू शहरातून मुलगा, गेसारेचा नवरा न्याम्वेया, आला. चर्चचे वडीलधारे उभे राहून म्हणाले, या माणसाने बायकोची जी सेवा केली ती गावाने पाहिली आहे. तेव्हा ओंदारी काठी टेकत उठला आणि सगळ्यांसमक्ष म्हणाला, "तो खांदा मीच मोडला होता." एवढंच बोलून तो खाली बसला. माणसं आपापल्या पायांकडे पाहू लागली. न्याम्वेया उठून केळीच्या बागेत निघून गेला. शेवटी बायकांनीच गाणं धरलं, म्हणून तिला मूठमाती देता आली.

मुलगा तीन दिवस राहिला, पण बापाशी बोलला नाही. जाताना पिशवी खांद्याला अडकवून तो अंगणात थांबला.

"लहानपणी आई मला कधी उचलून घ्यायची नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी जड आहे."

ओंदारी काठी टेकत उठला. न्याम्वेया रस्त्याकडे वळला. गेसारे त्याला बसपर्यंत पोहोचवायला गेली.