न दिलेली दवंडी

"ही खुंटी माझ्या खळ्यात कोनी ठोकली, सांग माना!"

रुपीने उपटून आणलेली लाकडी खुंटी ढवळूच्या अंगणात आपटली. खुंटीचं डोकं तांबड्या रंगात बुडवलेलं होतं आणि अंगावर आकडा होता. भात नुकतंच कापून झालं होतं. ती विधवा बाई दोन दिवस खळं सारवत होती, आणि आज सकाळी पँटवाली चार माणसं साखळी ओढत तिच्या ओल्या सारवणावरून चालत गेली होती.

"धरणाची मापं, म्हनतात. कंचा धरण? तू कोतवाल ना? तुला ठाव असल."

ढवळू अकरा वर्षं हेदपाण्याचा कोतवाल होता. तलाठ्याचं दप्तर वाहायचं, निरोप पोचवायचे, आणि काही जाहीर करायचं असलं की डफडं वाजवत तिन्ही पाड्यांतून ओरडत फिरायचं. पाड्यांना सरकारचा आवाज म्हणून ठाऊक होता तो ढवळूचाच.

"माना नाय ठाव, रुपीबाय," तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला आठवलं.

दसऱ्याच्या आधी मोखाड्याला तलाठी भाऊसाहेबांनी एका कागदावर त्याचा अंगठा घेतला होता. "एका नोटिशीची दवंडी दिल्याचा रिपोर्ट आहे. आता सगळे कापणीत, कोण ऐकतंय? मजकूर मागाहून सांगतो, तेव्हा दे." असे अंगठे ढवळूने पूर्वीही दिले होते. मजकूर काही आला नाही. त्यानेही विचारला नाही.

रुपी गेली. ढवळू कुऱ्हाड घेऊन लाकडं फोडायला बसला, दोन घाव घालून उठला. ओहोळावर गेला, तसाच परतला. भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राहिला. पाड्यातून कुणी हाक मारली तरी त्याला वाटे, आता विचारणार.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीने त्याने जव्हार गाठलं. स्टँडजवळ लियाकतभाई लाकडी पेटीवर कागद ठेवून लोकांचे अर्ज लिहायचे. ढवळूने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"हेदपाण्याचीच ना? प्रांत कचेरीच्या फळीवर लागली होती, धरणासाठी जमिनी घ्यायची ती नोटीस. मी वाचली होती."

"मंग बोलला नाय?"

"म्हटलं, गावाला माहीत असेल. दवंडी होते ना." ते थोडं थांबले. "चूकच झाली माझी. हरकत घ्यायला तीस दिवस असतात. गेले ते. आता पाड्यातल्या कुणाचाही अर्ज घेणार नाहीत."

"काहीच नाय होत?"

"एक होतं. दवंडी झालीच नाही असं ठरलं, तर नोटीस पुन्हा काढावी लागेल. दिवस पुन्हा मोजावे लागतील. पण ते सांगणार कोण? कागदावर अंगठा तुझा. तूच सांगायला हवं, आणि सांगितलंस तर कोतवाली राहत नाही. घरी विचार, मग ये."

घरी भागीने चूल फुंकता फुंकताच ऐकून घेतलं.

"आपली वरकस जमीन टेकाडाव हाय. पानी आपल्यापावत येत नाय."

"नाय येत."

"मंग सरकारच्या दारात जाऊन, मी खोटा हाय, असा सांगशील? येड लागला का तुला?"

ढवळू उठून बाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. शेवटी भागीच ओरडली, "एका जागी बस तरी, नायतर जा!"

तो गेला. लियाकतभाईंनी अर्ज लिहिला, दोनदा वाचून दाखवला, आणि ढवळूने खाली अंगठा उठवला. या वेळी मजकूर ऐकून.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. कचेरीच्या ओसरीत तलाठ्याने त्याला बाजूला घेतलं. "ढवळू, अर्ज मागे घे. दवंडी दिली होती, विसरलो, म्हण. मी सांभाळून घेतो. अकरा वर्षं सांभाळलंय ना तुला?"

ते खोटं नव्हतं. भागीच्या आजारपणात याच माणसाने जीप मागवली होती. तेवढ्यात पुकारा झाला.

आत प्रांतसाहेबांनी रिपोर्टाचा कागद पुढे सरकवला. "अंगठा तुझाच?"

"माझाच."

"आणि दवंडी?"

"नाय दिली."

"म्हणजे खोटा रिपोर्ट दिलास."

"दिला, साहेब."

"मी त्याला मजकूर दिला होता, साहेब," तलाठी म्हणाला. "यानंच दवंडी दिली नसेल."

साहेबांनी ढवळूकडे पाहिलं. बाकाची कडा धरून ढवळू म्हणाला, "भाऊसाहेबानी मजकूर दिला का नाय, ते ऱ्हाऊ द्या. माना काय करायचा ते करा. पन गावाला इचारा. डफडा वाजला असता तं कोनी तरी ऐकला असता. साडेतीनशे मानूस हाय. एकाला तरी ठाव असल ना?"

साहेबांनी कारकुनाला हे लिहून घ्यायला आणि गावात जाऊन विचारायला सांगितलं.

कारकून हेदपाण्यात आला, तिन्ही पाडे फिरला. दवंडी कुणीही ऐकली नव्हती. नोटीस नव्याने निघाली. तलाठ्याची बदली झाली. ढवळूची कोतवाली गेली. खोट्या रिपोर्टाबद्दल, असं हुकमात स्पष्ट लिहिलं होतं. पाड्यांत काही जणांना तो गावासाठी बोलला असं वाटे, काही जणांना यानेच आधी गाव विकलं असं. भागी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने दोघांसाठी भाकऱ्या बांधल्या, आणि दोघं रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेले.

नवी दवंडी शेजारच्या गावच्या कोतवालाने दिली. परका आवाज ऐकून माणसं दारात आली, अंगणात उभी राहिली. लियाकतभाई दोन दिवस शाळेच्या ओट्यावर बसून हरकती लिहीत होते. त्यांनी पेटीही सोबत आणली होती.

पुढे धरण झालंच. पण भिंत प्रवाहाच्या वरच्या अंगाला थोडी सरकली आणि खालच्या पाड्याची घरं वाचली. रुपीचं खळं मात्र पाण्यात गेलं.

त्याआधी, फाल्गुनात, शाळेत हरकतींची सुनावणी झाली, त्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. ढवळूची स्वतःची हरकत नव्हती, म्हणून त्याला आत जागा नव्हती. रस्त्याच्या कामावरून तो तसाच आला होता, पांढऱ्या धुळीने माखलेला, आणि खिडकीखाली भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. आत रुपी बोलत होती. कंच्या खाचरात कंचा भात येतो, झरा कव्हा आटतो, सासरा कठं पुरलाय, नवऱ्याने बांध कव्हा घातला. एका दमात, न थांबता.

"बाई, जरा थांबा," साहेबांचा आवाज आला. "लिहून घेतोय."

रुपी थांबली. खिडकीखाली ढवळूला कागदावर फिरणाऱ्या टाकाची कुरकुर ऐकू येत होती.

"हां," साहेब म्हणाले. "पुढे सांगा."