वरच्या मजल्यावरची मंडळी

आमच्या घराला वरचा मजला नाही. तरी दादाची वरच्या मजल्यावरची मंडळी वीस वर्षं मुक्काम ठोकून आहेत. ती फक्त त्यालाच ऐकू येतात. पूर्वी त्यांना गप्प करायला तो दारू प्यायचा. दारू उतरली की मंडळी दुप्पट कोकलायची, म्हणून पुन्हा दारू. या चक्रात त्याची नोकरी, दोन दात आणि माझी बरीचशी झोप गेली.

आता दारू सुटून नऊ वर्षं झाली. महिन्याला इंजेक्शन, रोजची गोळी, गुरुवारी दारू सोडलेल्यांची बैठक आणि दिवसभर बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवणं. सुई अशी सरळ चालवतो की मालक नव्या कामगारांना त्याचं काम दाखवतात. मी गोळ्या मोजते आणि तो घरी आला की काहीतरी निमित्त काढून तोंडाचा वास घेते. त्याला हे पक्कं ठाऊक आहे. तो मला फौजदार म्हणतो आणि दारातच तोंड उघडून 'हाऽ' करून मोकळा होतो.

मंडळी पुरती गेली नाहीत, पण दबून असतात. शंका आली की दादा विचारतो, "ऐकलंस का?" मी हो म्हटलं तर आवाज खरा, नाही म्हटलं तर वरची मंडळी, मग तो खुशाल चहा पितो. या एका करारावर आमचं घर चालतं. बाकी मी थापा मारते, त्याला तो पिवळा शर्ट शोभतो वगैरे. यात कधीच नाही.

गेल्या सोमवारी सकाळी मी न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. ऑफिसने मला बढती दिली होती, पण दुसऱ्या गावी. पत्र आठवडाभर पर्समध्ये लपवलं होतं आणि नकार कळवायचं ठरवलं होतं. मला हवी होती हो ती बढती. बाहेर आले तर दादा तोंडाला दाढीचा साबण फासून उभा.

"कुणीतरी रडत होतं. ऐकलंस का?"

"नाही," मी म्हटलं.

माझं नाक लालबुंद झालं होतं, पण दादा माझ्या नाकावर नाही, शब्दावर विश्वास ठेवतो. बरं म्हणाला आणि दाढी करायला गेला. मीही ते विसरून गेले.

बुधवारी दुपारी मालकांचा फोन आला. दादा सुई खाली ठेवून दवाखान्यात गेला होता. रडण्याचा नवा आवाज सुरू झालाय, डोस वाढवून घेतो, असं सांगून. फार पूर्वी डोस वाढला तेव्हा त्याचे हात इतके थरथरले होते की शर्टाची बटणं लागेनात. तेव्हा तो कामावरून घरी बसला, आणि बसला तो बाटली घेऊनच.

धावतपळत पोचले तेव्हा तो डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर बाकावर होता. त्याच्या आधी एकच पेशंट. मी पत्र काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"दादा, रडत होते ती मीच. मी खोटं बोलले."

त्याने पत्र दोनदा वाचलं. त्याचा चेहरा रागाने तापला. दोन दिवस तो त्या रडणाऱ्या बाईला मनातल्या मनात गप्प बस म्हणत होता म्हणे.

"मला वाटलं, मी परत घसरतोय," तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागितली. मी जात नाहीच म्हणाले, गेले तर तुला हो-नाही कोण सांगणार? त्याने पत्राची घडी घातली, बाइंडरच्या सवयीने तिच्यावरून नख फिरवलं आणि ते माझ्या पर्समध्ये ठेवलं.

"कारखान्यात मी मालकांना विचारतो की. चार वर्षं झाली." मग म्हणाला, "ते खोटं बोलत नाहीत."

तेवढ्यात आतून त्याचा नंबर पुकारला. दादा माझ्याकडे वळला.

"ऐकलंस का?"

"हो," मी म्हटलं.

"मग बाईंना सांगून येतो, रडणारी सापडली. तू तोवर ऑफिसला होकार कळव."

तो आत गेला. मी नाक पुसलं आणि फोन काढला.